चहापाणी आणि सोळावा दिवस

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



'भ्रष्टाचार रोखायला सरकारने काय करावं' हा विषय संयोजकांनी मला दिला. सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली म्हणून तो माझ्या गळ्यात पडला असावा. आपल्या ग्रुपवर महिनाभर यावर चर्चा चालली आहे आणि तिचा सूर एकच आहे : 'सगळ्यांना उलटं टांगा.' टांगायला माझी हरकत नाही. पण टांगलेल्याच्या खुर्चीत दुसऱ्या दिवशी नवा माणूस बसतो. टेबल तेच, फाइल तीच आणि ती अडवून धरायची सोयही तीच.

आपल्याकडच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून जरा लांबची सांगतो. हाँगकाँगची. १९७०च्या सुमारास ही ब्रिटिशांची वसाहत लाचेने पोखरलेली होती. रुग्णवाहिकेतल्या माणसांना पैसे दिल्याशिवाय रोगी उचलला जात नसे. इस्पितळात पेलाभर पाणी हवं असलं तरी आयाबाईच्या हातावर काहीतरी ठेवावं लागे. या पैशाला तिथे नाव होतं 'चहाचे पैसे'. हसू नका, आपलं 'चहापाणी' त्यांच्याकडून आलेलं नाही!

१९७३ साली पीटर गॉडबर नावाच्या बड्या पोलीस अधिकाऱ्याकडे ४३ लाख हाँगकाँग डॉलरहून अधिक माया सापडली. ती कुठून आली याचा खुलासा मागितला, तर हा गृहस्थ विमानतळावरचा पोलिसी पास दाखवून इंग्लंडला पसार झाला. लोक रस्त्यावर उतरले. तपासात मूळ दुखणं उघडं पडलं. लाचलुचपतीचा तपास करणारी शाखा पोलीस खात्यातच होती. म्हणजे गुन्हा ज्या खात्याचा, चौकशीही त्याच खात्याची.

गव्हर्नर मॅकलेहोस यांनी १५ फेब्रुवारी १९७४ रोजी स्वतंत्र आयोग नेमला, थेट स्वतःच्या हाताखाली. त्याचे तीन विभाग केले. एक पकडणारा. दुसरा कचेऱ्यांमध्ये बसून कामाची पद्धत तपासणारा, म्हणजे परवाना किती टेबलांवरून जातो आणि नक्की कुठे थांबतो ते पाहणारा. तिसरा लोकांमध्ये फिरणारा. गॉडबरला १९७५मध्ये परत आणलं आणि चार वर्षांची सजा झाली. वर्तमानपत्रांत अर्थातच ती बातमी मोठी. मला विचाराल तर खरी कमाई त्या दुसऱ्या विभागाची, कारण त्याने लाच घेण्याची जागाच कमी केली.

आता आपल्याकडे येऊ. पकडणारा विभाग आपल्याकडे आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, फोन १०६४. सापळे लागतात, फोटो छापून येतात, आणि वर्षानुवर्षं महसूल आणि पोलीस हीच खाती यादीत वर असतात. हा विभाग मात्र गृह खात्याखाली आहे आणि तिथले अधिकारी पोलिसांतून येऊन पोलिसांत परत जातात. हाँगकाँगने तोडलेली दोरी आपण अजून बांधूनच ठेवली आहे.

दुसऱ्या विभागाचं काम आपल्याकडे अर्धंमुर्धं झालं आहे. डिजिटल सहीचा सातबारा आज १५ रुपयांत मोबाइलवर निघतो. ही लहान गोष्ट नाही. उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघत बसलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण उतारा काढणं वेगळं आणि त्यावर नाव चढणं वेगळं. फेरफाराला हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते. कुणाची हरकत आली नाही, तर सोळाव्या दिवशी काय होतं? आपल्याच वर्गातला एक जण वडिलांच्या पश्चात वारसनोंदीसाठी आठ महिने खेटे घालत होता. कुणी त्याच्याकडे पैसे मागितले नाहीत. 'बघू', 'साहेब मीटिंगला गेलेत', 'पुढच्या आठवड्यात या', एवढंच. शेवटी त्यानेच विचारलं, 'किती द्यायचे?' त्याचा मुलगा तेव्हा शेजारी उभा होता, आणि पैशापेक्षा त्याला त्याचंच जास्त लागलं.

२०१५चा लोकसेवा हक्क कायदा नेमका या सोळाव्या दिवसासाठी आहे. अधिसूचित सेवेला मुदत आणि विनाकारण टाळाटाळ केली तर ५०० ते ५००० रुपये दंड. कायदा चांगला आहे. पण पहिलं अपील त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे जातं आणि पुढची पायरी चढण्याइतका दम शेतकऱ्याकडे नसतो. मुदत संपताच फाइल आपोआप वर गेली पाहिजे, आणि कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती ते कचेरीबाहेर फळ्यावर लागलं पाहिजे. ऑडिटवाला म्हणून सांगतो, गहाळ झालेला पैसा आम्ही हुडकून काढतो, पण गहाळ झालेला दिवस आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तिसऱ्या विभागाबद्दल फार बोलत नाही. नागरिकशास्त्र आपण सगळ्यांनी ऑप्शनला टाकलेलं, हे समोर बसलेल्या बाईंना चांगलं ठाऊक आहे. एवढंच लक्षात असू द्या की २०१८पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर ७ दिवसांच्या आत कळवलं तरच सुटका.

जाता जाता एक अडचणीची गोष्ट. १९७७च्या ऑक्टोबरात हाँगकाँगच्या पोलिसांनी या आयोगाविरुद्ध बंड केलं. काही जण कचेरीत घुसले, कर्मचाऱ्यांना मारलं. तेव्हा गव्हर्नरने जाहीर केलं, की १ जानेवारी १९७७पूर्वीच्या गुन्ह्यांवर, आधीच चौकशीत आलेली आणि फरारी माणसं सोडून, नवे खटले भरणार नाही. खूप जण सुटले. त्यांनी खाल्लेला पैसा त्यांच्याकडेच राहिला. आयोग मात्र टिकला, आणि पुढे नाव देऊन तक्रार करणाऱ्यांची संख्या निनावी तक्रारींच्या वर गेली. आपलं सरकार अशी तारीख कधी ठरवेल का, आणि ठरवलीच तर आठ महिने खेटे घातलेला आपला मित्र ती मान्य करील का? तो दुसऱ्या रांगेत बसला आहे. जेवताना त्यालाच विचारा, मी विचारलं तेव्हा तो नुसता हसला.