जुलै 1928 आणि आपली हजेरी
(राजूर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आज एकाच महिन्याबद्दल बोलते. जुलै 1928. त्या महिन्याच्या 2 तारखेला ब्रिटनमध्ये बायांना पुरुषांसारखाच 21व्या वर्षी मताचा हक्क मिळाला. 31 तारखेला ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीत पहिल्यांदाच एक बाई जिंकली. मुंबईत गिरणी कामगारांचा संप चालू होता, चुली थंड होत्या. आणि 28 तारखेला मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकावर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे. बाई कामाला ठेवून जो मालक फायदा कमावतो, त्यानेही त्याचा भार उचलावा, असं त्यांनी मांडलं.

1929 साली कायदा झाला, पण मुंबई इलाख्यापुरता. आपलं यवतमाळ वऱ्हाडात, म्हणजे बाहेरच. देशाचा कायदा यायला 1961 उजाडलं. 2017 मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांची रजा 26 आठवड्यांची झाली.

मग चुनाभट्टीवरची आपली मैत्रीण नवव्या महिन्यापर्यंत टोपली का उचलते? मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, हजेरी तं घरधन्याच्या नावानं हाय." काम जोडीचं, नाव एकाचं! बाळंतपणाआधीच्या वर्षात 80 दिवस काम केल्याचं दाखवावं लागतं. ती कशावर दाखवणार?

आजपासून घरच्या कॅलेंडरवर कामाच्या दिवशी खूण करा, शेजारी मुकादमाचं नाव लिहा. रविवारी ती कॅलेंडरं घेऊन इथेच या. अर्ज सोबत बसून लिहू.