दृष्टिहीन प्रोग्रामर आणि त्यांची साधने



मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत लेखनिकाची. संगणक हा माझ्या रोजच्या कामातला सोबती आहे, अभ्यासाचा विषय नव्हे. तरीही आज हाच विषय निवडला, कारण आपल्या घरांतील मुले-मुली आता प्रोग्रामिंग शिकत आहेत. ती उद्या जे बनवतील, त्यावर कोणाचे तरी शिक्षण आणि कोणाची तरी नोकरी अवलंबून राहणार आहे.

अंध माणूस प्रोग्राम लिहितो तरी कसा, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर असते, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. माऊस बाजूला ठेवून सारे काम कीबोर्डवर चालते. प्रोग्राम म्हणजे शेवटी अक्षरे, अंक आणि चिन्हे. ती कानाने वाचता येतात. मग अडते कोठे?

बँकेतलेच उदाहरण देतो. फलकावर लाल अंकांत टोकनचा नंबर लागतो. तो कोणी तोंडाने पुकारला नाही, तर अंध खातेदार बाकावर बसूनच राहतो. पैसे तयार आहेत, माणूस हजर आहे, फक्त निरोप पोहोचत नाही. संगणकाचेही तसेच. स्क्रीन रीडर मुख्यतः पडद्याचे चित्र पाहून काम करीत नाही. हे बटण आहे, त्याचे नाव अमुक, हा रकाना रिकामा आहे, असे प्रत्येक सॉफ्टवेअरने त्याला आतून कळवावे लागते. कळविले नाही, तर तो नुसते ‘बटण, बटण’ म्हणतो किंवा गप्प बसतो.

प्रोग्राम लिहिण्याच्या साधनांत हा त्रास अधिक. चूक झाली की शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटते. ती फक्त डोळ्यांसाठी. पायथन भाषेत ओळीच्या आधी किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो. ती मोकळी जागा ऐकायची कशी? लहान मुलांना शिकविल्या जाणाऱ्या स्क्रॅचमध्ये रंगीत ठोकळे माऊसने ओढून जोडतात. डोळस मुलासाठी सोपी केलेली ही पायरी अंध मुलाला पहिल्याच दिवशी अडविते.

परंतु उपाय निघतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ओळीआधीची जागा शब्दांत किंवा कमी-अधिक उंचीच्या सुरांत सांगू शकतो. २०१५ साली आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये चुकीच्या ओळीवर गेल्यास आवाजाचा इशारा मिळण्याची सोय पुढे झाली.

हे उपाय बहुतांशी कोणी शोधले? ज्यांची अडचण होती त्यांनीच. डॉसच्या काळात, १९८९ साली, जॉज हा स्क्रीन रीडर आणणारे टेड हेन्टर अपघातात दृष्टी गमावलेले होते. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा, आपल्या पुण्यातला. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. पुण्यात गणित शिकून ते मुंबईच्या आय.आय.टी.त आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. किचकट गणिती मजकूर ऐकविणाऱ्या प्रणालीवर त्यांना १९९४ साली डॉक्टरेट मिळाली. १९९५ साली त्यांनी ईमॅक्स या एडिटरसाठी ईमॅकस्पीक तयार केले. प्रोग्राममधील निरनिराळे भाग ते निरनिराळ्या आवाजांत ऐकविते. डोळस माणसाला जे रंग सांगतात, ते अंध माणसाला आवाज सांगतो. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीएचे काम सुरू केले. जेम्स टेह हे त्यांचे अंध सहकारी. महागडा स्क्रीन रीडर गरिबाला परवडत नाही, म्हणून तो त्यांनी विनामूल्य ठेवला. ही दयेची कथा नाही, कर्तबगारीची आहे.

कायदाही आता बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिले, त्यातील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. बँकेच्या ई-केवायसीत पापणी मिटून दाखवावी लागत असे. अशा अडचणींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरविला. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. जागा राखीव आहे, उमेदवार हुशार आहे, पण कार्यालयातले सॉफ्टवेअर मुके असेल, तर नेमणूक होऊनही तो माणूस रिकामा बसेल आणि दोष त्याच्या डोळ्यांना दिला जाईल.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, एक विनंती. तुम्ही एखादा प्रोग्राम किंवा अर्ज भरण्याचे पान तयार कराल, तेव्हा माऊस बाजूला ठेवून ते फक्त कीबोर्डने चालवून पाहा. प्रत्येक बटणाला नाव द्या. चूक केवळ लाल रंगाने दाखवू नका, शब्दांतही लिहा. एनव्हीडीए फुकट मिळतो. तो सुरू करा, पडदा बंद करा आणि आपलेच काम ऐका. शेवटी एखाद्या अंध मित्राला ते वापरायला देऊन तो काय म्हणतो ते नम्रपणे ऐका. इमारत बांधून झाल्यावर उतार करायचा तर पायऱ्या फोडाव्या लागतात. नकाशातच उतार आखला तर खर्च थोडा. सॉफ्टवेअरचेही तेच आहे.