संदीप पाटील आणि ओमानचे क्रिकेट

मराठी क्रीडालेखनात संदीप पाटील यांचे स्थान प्रामुख्याने फलंदाज म्हणून निश्चित झालेले आहे आणि त्याला सबळ कारणही आहे. 18 ऑगस्ट 1956 रोजी मुंबईत जन्मलेल्या आणि शिवाजी पार्कच्या मातीत वाढलेल्या या खेळाडूने जानेवारी 1981 मध्ये, सिडनीच्या कसोटीत लेन पास्को यांचा उसळता चेंडू कानाजवळ लागून मैदान सोडावे लागल्यानंतर, लगेच पुढच्याच ॲडलेड कसोटीत त्याच गोलंदाजांसमोर 174 धावा केल्या. पुढील वर्षी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर नाबाद 129 धावांच्या खेळीत त्यांनी बॉब विलिस यांच्या एकाच षटकात सहा चौकार मारले, आणि 1983 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, पुन्हा त्याच मैदानावर, नाबाद अर्धशतक करून भारताला अंतिम फेरीत नेण्यास हातभार लावला. 29 कसोटी आणि 45 एकदिवसीय सामन्यांनंतर ही आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. तिचे गुणगान भरपूर झाले आहे. त्यांच्या प्रशिक्षणकार्याची चिकित्सा मात्र मराठीत त्या मानाने फारच थोडी झाली, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ती चिकित्सा हाच आहे.

या कार्याचा सर्वपरिचित भाग केनियाचा. 2003 च्या विश्वचषकात पाटील यांच्या मार्गदर्शनाखाली आणि स्टीव्ह टिकोलो यांच्या नेतृत्वाखाली केनियाने नैरोबीत श्रीलंकेला 53 धावांनी हरवले, बांगलादेश आणि झिम्बाब्वे यांनाही नमवले आणि उपांत्य फेरी गाठली, जिथे डर्बन येथे भारताने त्यांना 91 धावांनी पराभूत केले. न्यूझीलंडने सुरक्षेच्या कारणावरून नैरोबीत खेळण्यास नकार दिल्यामुळे केनियाला एका सामन्याचे गुण न खेळताच मिळाले, हे खरे असले तरी श्रीलंकेविरुद्ध कॉलिन्स ओबुया यांनी 24 धावांत घेतलेले पाच बळी हे कोणाच्या गैरहजेरीचे फळ नव्हते.

केनियानंतर पाटील काही काळ ओमानच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. हा काळ अल्प होता आणि त्याला केनियासारखे विजय लाभले नाहीत, म्हणून चरित्रलेखनात तो एका ओळीत आटोपला जातो. तरीही प्रशिक्षकाच्या कामाचे खरे स्वरूप समजून घ्यायचे असेल, तर नैरोबीपेक्षा मस्कतच अधिक शिकवते. ओमानमध्ये क्रिकेट शाळा-महाविद्यालयांतून उगवले नाही; ते भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका येथून नोकरी-व्यवसायासाठी गेलेल्या लोकांनी सोबत नेले, आणि 1979 मध्ये स्थापन झालेल्या ओमान क्रिकेट क्लबमागे कनकसी खिमजी यांच्यासारख्या, मूळ कच्छच्या व्यापारी घराण्यातील पुरुषाचा आश्रय उभा राहिला. 2000 साली देशाला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे संलग्न सदस्यत्व, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरचा प्रवेश, मिळाला. खेळाडू दिवसा कंपनीत काम करणारे आणि उरल्या वेळात सराव करणारे असत, आणि परदेशात जन्मलेल्या खेळाडूला संघात येण्यासाठी त्या देशात ठरावीक वर्षे वास्तव्य करावे लागे, त्यामुळे नोकरी गेली की खेळाडूही गेला, अशी अवस्था होती.

यात खेळपट्टीची अडचण वेगळीच. पाटील यांच्या काळात ओमानमध्ये हिरवळीचे मैदान नव्हते; सामने सिमेंटच्या पट्टीवर चटई, म्हणजे मॅटिंग, अंथरून आणि भोवतालच्या कोरड्या मातीवर क्षेत्ररक्षण करून होत. मॅटिंगवर चेंडू एकसारखा उसळतो, त्यामुळे फलंदाज टप्प्यावर भरवसा ठेवून खेळायला शिकतो. तोच फलंदाज परदेशात ओलसर हिरव्या खेळपट्टीवर गेला की चेंडू खाली राहतो किंवा सरकतो आणि त्याचा अंदाज चुकतो. मुंबईत कांगा लीगचे सामने पावसाळ्यातच होतात आणि ओल्या पट्टीवर टिकण्याची सवय तिथे तरुणपणीच लागते. मस्कतमध्ये हे शिक्षण देणारी व्यवस्थाच नव्हती, आणि कितीही गुणी प्रशिक्षक आला तरी तो ऋतू सोबत आणू शकत नाही.

दोन्ही देशांचा पुढचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. केनियाने उपांत्य फेरीचे यश पाहिले, पण देशांतर्गत स्पर्धांची घडी बसवली नाही, आणि 2014 मध्ये एकदिवसीय दर्जाही गमावला. ओमानने उलट क्रम घेतला: मस्कतजवळ अल अमिरात येथे हिरवळीचे मैदान व सरावकेंद्र उभारले, श्रीलंकेचे माजी कर्णधार दुलीप मेंडिस यांच्याकडे दीर्घकाळ संघ सोपवला, आणि मार्च 2016 मध्ये धरमशाला येथे ट्वेंटी-20 विश्वचषकात आयर्लंडला दोन गड्यांनी हरवले. 2019 मध्ये त्याला एकदिवसीय दर्जा मिळाला. या यशाचे श्रेय पाटील यांना देणे इतिहासाशी प्रतारणा होईल, कारण ते मेंडिस यांचे आणि मैदान बांधणाऱ्यांचे आहे. परंतु पाटील यांना ओमानमध्ये फळ मिळाले नाही म्हणून त्यांचे प्रशिक्षण तोकडे ठरवणे हाही अन्यायच आहे. नैरोबीत त्यांना तयार पिढी मिळाली होती. मस्कतमध्ये तशी पिढी अजून घडायची होती.

17 ऑक्टोबर 2021 रोजी अल अमिरातच्या त्याच हिरवळीवर ट्वेंटी-20 विश्वचषकाचा पहिला सामना झाला आणि यजमान ओमानने पापुआ न्यू गिनीला दहा गडी राखून हरवले.