बदलीवाल्याचा उमेदवार

(कामण येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही बेळगावहून आलो आहोत. पाहुणे म्हणून आलेलो नाही. मुंबईच्या गिरण्यांत ज्यांनी उमर घातली, ज्यांच्या मुलांना आज या कामणच्या गाळ्यांत नाहीतर रस्त्यापलीकडे भिवंडीच्या मागांवर पाळी करावी लागते, त्या तुमच्याशी आमचं जुनं देणंघेणं आहे. ते सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

सभेआधी स्टेशनाजवळ चहा घेताना तुमच्यातल्याच एका म्हाताऱ्या साचेवाल्यानं आम्हाला विचारलं, "तुमची समिती दर निवडणुकीला उभी राहते आणि दर निवडणुकीला पडते. मग उभी राहते कशाला?" प्रश्न खरमरीत आहे, पण खोटा नाही. आजचं सगळं भाषण त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी हिशेब मांडतो. कामगाराला पगाराची चिठ्ठी वाचता येते, त्याच्यापुढे फुगवलेली बेरीज चालत नाही.

1956 च्या 1 नोव्हेंबरला बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला. लगेच 1957 ची निवडणूक आली. इकडे गिरणगावानं डांग्यांना लोकसभेत पाठवलं, अत्रे आणि एसेम विधानसभेत गेले, ठाण्यातून शामराव परुळेकर निवडून आले. तिकडे आम्हीही त्याच वर्षी समितीची माणसं म्हैसूरच्या विधानसभेत धाडली. एकाच हाकेला दोन राज्यांतून ओ आली! पुढे चार दशकं बेळगाव शहराची जागा म्हणजे समितीची जागा, असं समीकरणच होतं.

1999 मध्ये ती जागा काँग्रेसकडे गेली. 2008 मध्ये मतदारसंघांची नवी आखणी झाली, उचगाव आणि बागेवाडी हे आमचे जुने मतदारसंघ पुसले गेले आणि त्या वर्षी समितीचा एकही आमदार आला नाही. 2013 मध्ये दोन आले, बेळगाव दक्षिणेतून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. 2018 मध्ये शून्य. 2023 मध्ये पुन्हा शून्य.

आणि लोकसभा? लोकसभेत समितीच्या तिकिटावर एकही माणूस गेलेला नाही. याचं कारण नकाशात आहे. आज आमचं बेळगाव ज्या मतदारसंघात आहे, त्यात गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग हा कन्नड मुलूख आहे. खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात, तर निपाणी चिक्कोडीत. एकाच ताग्याचे तीन तुकडे करून तीन दुकानांत ठेवले आणि वर विचारतात, तुमचं कापड कुठं आहे?

तरी आम्ही उभे राहिलो. 1996 ची लोकसभा निवडणूक आठवा. बेळगावच्या एका जागेसाठी 456 उमेदवार होते! सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून समितीच्या शेकडो साध्या माणसांनी अर्ज भरले होते. एवढी नावं एका पानावर मावेनात. देशभर चर्चा झाली, लोक हसलेही. पण त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत रक्कम 500 रुपयांवरून 10,000 झाली आणि अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. 2009 मध्ये ती अनामत 25,000 वर नेली. गरिबाचा आवाज फार मोठा झाला की सरकार तिकिटाचा दर वाढवतं, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं! 2019 मध्येही त्याच मतदारसंघात 57 उमेदवार होते, बहुतेक समितीचेच. मतदानयंत्राच्या एका पाटीवर 16 नावं बसतात, तेव्हा चार-चार पाट्या मांडाव्या लागल्या.

2021 मध्ये पोटनिवडणूक झाली. या वेळी समितीनं एकच उमेदवार दिला, शुभम शेळके नावाचा तरुण. त्याला 1,17,174 मतं पडली. तो तिसरा आला. एकूण मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही म्हणून नियमाप्रमाणे त्याची अनामतही गेली. पण निवडून आलेल्या आणि पडलेल्या दोन मोठ्या पक्षांतलं अंतर किती होतं? फक्त 5,240! म्हणजे आमच्या पडलेल्या उमेदवाराची मतं त्या अंतराच्या बावीसपट होती. याला पडणं म्हणायचं तर म्हणा.

आता त्या म्हाताऱ्या साचेवाल्याला उत्तर. बाबा, तुम्ही बदलीवाला बघितला आहे, कदाचित स्वतः बदलीवर दिवस काढले आहेत. भोंगा व्हायच्या आधी बदलीवाला गेटवर हजर. कायमवाल्याचा खाडा असला तर आत बोलावणं, नाहीतर डबा तसाच घेऊन चाळीकडे परत. काम मिळालं नाही म्हणून त्याला कुणी वेडा म्हणत नसे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की तो गेटवर जाणं ज्या दिवशी बंद करील, त्या दिवशी त्याचं नाव वहीतून कटेल. आमचा उमेदवार असाच बदलीवाला आहे. तो गेटवर उभा असतो म्हणून सीमाभागाचं नाव वहीत आहे.

ही नुसती उपमा नाही. महाराष्ट्राचा दावा 865 गावांचा आहे आणि तो चार खांबांवर उभा आहे: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. पहिले तीन खांब नकाशात आणि जनगणनेत सापडतात. चौथा कुठं सापडणार? लोकांची इच्छा मतपेटीतच मोजली जाते. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला. 1967 च्या अहवालात त्यानं निपाणी-खानापूरसह 264 गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं, पण बेळगाव तिकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही. ती 264 गावंसुद्धा आजवर आलेली नाहीत. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आम्ही जिंकलो तर ती लोकेच्छा, आणि आम्ही हरलो की पलीकडचे म्हणतात, बघा, लोकांनाच नको आहे! म्हणून आमचं प्रत्येक मत निवडणुकीतही मोजलं जातं आणि त्या दाव्यातही.

जिंकल्यावर काय होतं तेही ऐका. बेळगाव महापालिकेत मराठी नगरसेवकांचं बहुमत होतं. 2005 च्या ऑक्टोबरात महापौर विजय मोरे यांच्या कारकिर्दीत, बेळगाव महाराष्ट्रात जावं, असा ठराव महापालिकेनं केला. पुढच्याच महिन्यात बेंगळुरूत महापौरांच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि निवडून आलेली महापालिकाच बरखास्त झाली. 2012 मध्ये कर्नाटकानं बेळगावात विधानसौध बांधून उभं केलं. 2021 ला महापालिकेत भाजपनं 58 पैकी 35 जागा घेतल्या आणि समितीच्या वाट्याला बोटावर मोजण्याइतक्या आल्या.

दुसऱ्यांचे दोष सांगितले, आता आमचे. ते सांगितले नाहीत तर हे भाषण खोटं ठरेल. 2018 मध्ये समितीत दोन गट पडले. खानापुरात समितीच्या नावानं दोघे उभे राहिले. त्या दोघांची मतं एकत्र केली तर निवडून आलेल्या उमेदवारापेक्षा जास्त भरत होती. जागा आमची होती, ती आम्हीच घालवली. संपात फूट पडली की मालकाला काही करावं लागत नाही, हे तुम्ही शिकलात, आम्हालाही ते शिकावं लागलं. दुसरा दोष असा की आमच्या तरुणाला नोकरी हवी आहे, पाणी हवं आहे, सातबारा मराठीत हवा आहे. नुसत्या घोषणेवर त्याचं पोट भरत नाही. जिथं समितीचा कार्यकर्ता त्याच्या कामाला धावला, तिथं मत टिकलं. जिथं तो निवडणुकीपुरता दिसला, तिथं मत गेलं. 2023 मध्ये बेळगाव दक्षिणेत समितीचा उमेदवार हरला, पण दुसरा आला. मूळ अजून ओलं आहे.

तुमच्याशी असलेलं देणंघेणं आता सांगतो. 1960 च्या 1 मेला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. तो मिळवताना फ्लोरा फौंटनला गिरणी कामगार पडला, आणि 1956 च्या 17 जानेवारीला बेळगावातही गोळ्या चालल्या. 1986 च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध उठलेल्या आमच्या माणसांवर पुन्हा गोळीबार झाला. दोघांनी एकाच मागणीसाठी रक्त दिलं. तुमचा निकाल लागला, आमचा राहिला. तुम्ही सुटलात याचं आम्हाला दुःख नाही. दुःख एवढंच आहे की ज्या पक्षांचे पुढारी इथं व्यासपीठावर सीमाभागाच्या नावानं गळा काढतात, तेच तिकडे निवडणूक आली की समितीच्या उमेदवाराविरुद्ध आपल्या पक्षाचा प्रचार करायला बेळगावात उतरतात.

म्हणून आमचं मागणं पैशाचं नाही. कामणच्या, वसईच्या, भिवंडीच्या दारात जो कुणी मत मागायला येईल, कुठल्याही झेंड्याचा असो, त्याला एकच प्रश्न विचारा: "बेळगावात तुमचा पक्ष समितीच्या विरुद्ध उमेदवार देतो की नाही?" उत्तर देताना तो चाचरला की समजा. आणि तुमच्या शेजारच्या मागावर कानडी कामगार असेल, तर त्याच्याशी वाकडं बोलू नका. त्याचं आणि तुमचं पोट एकाच पगारावर आहे. आमचं भांडण राज्याच्या रेघेशी आहे, माणसाशी नाही.

तुमच्या या वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये घेतला. मोहीम 1737 लाच सुरू झाली होती. मधल्या दोन वर्षांत किती हल्ले फसले, किती माणसं खर्ची पडली! ती फसलेली माणसं कुचकामी होती, असं या मुलखात कुणी म्हणत नाही.

आम्ही पुन्हा उभे राहू, या वेळी एकाच उमेदवारानं. गेटवर हजेरी चालू राहील. तेवढा तो प्रश्न तुम्ही विचारा.

जय महाराष्ट्र!