मंजुरी नक्की कुणी द्यायची?

आज बोलूया बीपीएमएन आणि बीपीईएलबद्दल. बीपीएमएन म्हणजे ऑफिसातलं काम कसं पुढे सरकतं त्याची आकृती. बीपीईएल म्हणजे तेच काम मशीनने चालवावं म्हणून एक्सएमएलमध्ये लिहिलेलं.

समजा, कर्जाचा अर्ज आलाय. क्लार्क कागद तपासतो, मॅनेजर मंजुरी देतो. कागद अपुरे निघाले, तर आकृतीत बाण सरळ मागे जातो. बीपीईएलमध्ये असा मागे जाणारा बाण चालत नाही, त्याचा लूप करावा लागतो. तेवढं जमतं. पण क्लार्क आणि मॅनेजरच्या वेगवेगळ्या लेन? २००७च्या बीपीईएल २.० मध्ये लेनला जागाच नाही. प्रोसेस चालते, एररही येत नाही, फक्त मंजुरी कुणी द्यायची हेच फाइलमधून गायब!

म्हणून ‘कन्व्हर्ट झालं’ एवढ्यावर खूश होऊ नका. त्या बीपीईएलवरून परत आकृती काढा आणि मूळ आकृतीशी ताडून बघा. जे परत आलं नाही, ते वाटेत सांडलं. पुढच्या वेळी लेनचं नाव आणि मूळ आयडी बीपीईएलच्या डॉक्युमेंटेशन टॅगमध्ये लिहून ठेवा. मशीनला त्याची गरज नसते, पण सहा महिन्यांनी ती फाइल उघडणाऱ्या माणसाला असते. भेटू पुढच्या भागात!