कापूस वेचणारीचे काम
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपले सायखेडे गोदाकाठचे, कांद्या-द्राक्षांचे. येथे कपाशीची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्यापैकी कित्येकींची माहेरे येवला, नांदगाव, मालेगावकडची. दिवाळी सरली की तिकडून बोंडअळीची वार्ता येतेच.

शेंदरी बोंडअळी मोठी कपटी. फुलाच्या पाकळ्या आतून विणून ती मिटलेल्या गुलाबासारखी डोमकळी करते. पुढे कोवळ्या बोंडात शिरली की भोक बुजते आणि बोंड वरून गुटगुटीत दिसते. मग कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. २००२ साली बीटी बियाणे आले तेव्हा वाटले, पीडा गेली. पण पुढे अळीने तेही पचवले, आणि २०१७ साली महाराष्ट्रात घरोघर कवडी कापूस आला. त्याच साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने २०च्या आसपास माणसे दगावली.

म्हणून आधी पाहावे, मग पंप उचलावा. आणि पाहणार कोण? वेचणी बायकांच्या हातची. ओटीत कापूस भरताना शेताच्या निरनिराळ्या भागांतून २० हिरवी बोंडे तोडून चिरावीत. दोहोंत अळी निघाली, म्हणजे शेकडा १० झाले; उपायाची वेळ आली. एकरी २ कामगंध सापळे लावून रोज सकाळी पतंग मोजावेत. एका सापळ्यात ८ पतंग, असे लागोपाठ ३ रात्री आले तरी तीच खूण. हे पुरुषमंडळींना ठणकावून सांगावे. ऐकतील न ऐकतील, आकडा मात्र आपल्यापाशी असावा!

दुसरी गोष्ट फरदडीची. पाणी आहे, आणखी दोन वेचण्या होतील, हा मोह कोणाला नाही? दोन पैसे हाती येतात, ते मुलांच्या वह्यांना लागतात, हे मी जाणते. तरीही डिसेंबरअखेर कपाशी काढावीच, असे माझे स्पष्ट मत आहे. उभ्या पिकावर अळीची पिढीमागून पिढी वाढते आणि पुढच्या हंगामावर चालून येते. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या शेतात सोडाव्यात. उरलेली बोंडे त्या खाऊन टाकतात. मात्र फवारणी नुकतीच झालेली नसावी.

राहिल्या पऱ्हाट्या. सरपण म्हणून आपण त्या दाराशी रचतो, पण चिकटून राहिलेल्या बोंडांत, जोडसरकीत अळी महिनोन् महिने निजून असते. ती बोंडे आधी तोडून जाळावीत आणि काड्या पावसाळ्यापूर्वी चुलीत संपवाव्यात. ज्यांच्याकडे गॅस आला आहे, त्यांनी हा ढीग रचूच नये.