घरासाठी पंखा घेताना



अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने पंख्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण पंखा दुकानातून एकदाच घरी येतो आणि त्याचे पैसे मात्र आपण पुढे दहा-पंधरा वर्षे दर महिन्याच्या वीजबिलात भरीत राहतो. दुकानात आपण विचारतो, ‘केवढ्याला?’ त्याबरोबरच ‘चालवायला केवढ्याला?’ हेही विचारले पाहिजे. आणि त्याही आधी घरातल्या घरात एक प्रश्न विचारायला हवा : हा पंखा कुणासाठी घ्यायचा आहे?

पंखा करतो काय, हे आधी पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, पंख्याने खोली गार होते. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. दोन तापमापके घ्या. एक कोरडे ठेवा, दुसऱ्याच्या टोकाला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळा आणि दोन्ही पंख्याखाली टांगा. पंखा सुरू केला तरी कोरड्या तापमापकावरचा आकडा फारसा हलत नाही. ओल्याचा मात्र खाली उतरतो. आपले अंग म्हणजे ते ओले तापमापक. वाऱ्याने घाम वाळतो, वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो आणि आपल्याला गार वाटतं. म्हणजे पंखा गार करतो तो माणसाला. मग माणूस नसलेल्या खोलीत तो फिरत ठेवण्यात काय हशील?

यावरून त्याची मर्यादाही कळते. कोकणात हवा दमट असते. तिथे घाम लवकर वाळत नाही, म्हणून चांगला जोराचा वारा लागतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो; तिथे पंख्याचा वारा म्हणजे झळच. हवा ४० अंशांच्या वर असेल तर पंख्याने शरीर उलट अधिक तापते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा दिवसांत म्हाताऱ्या माणसांना व तान्ह्या मुलांना नुसत्या पंख्याच्या भरवशावर ठेवू नये. ओले फडके, पुरेसे पाणी, वाळ्याचा पडदा किंवा कूलर यांची जोड हवीच.

आता आकार. बाजारात नेहमी मिळणारा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे चार फुटांचा. दहा बाय बाराच्या खोलीला तो पुरतो. लहान खोलीला ९०० मिलिमीटरचा चालतो. शाळेच्या वर्गासारख्या लांब खोलीत मध्यभागी एकच मोठा पंखा लावण्यापेक्षा दोन बाजूंना दोन लावावेत, म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलालाही वारा लागतो. आणि दिवा पात्यांच्या वर येऊ देऊ नका. नाहीतर पात्यांची सावली वहीवर सारखी नाचत राहते आणि मुलांचे डोळे शिणतात.

पाती जमिनीपासून निदान आठ फूट उंच असावीत. नातवाला कौतुकाने वर उचलणाऱ्या आजोबांचे हात किती उंच जातात, ते आठवा. छत आणि पाती यांच्यात फूटभर अंतर हवे, नाहीतर पंख्याला वरून हवाच मिळत नाही. ज्यांचे घर ठेंगणे आणि पत्र्याचे आहे, त्यांनी छताच्या पंख्याचा हट्ट धरू नये. तापलेल्या पत्र्याखालची गरम हवा तो आपल्याच अंगावर ढकलतो. त्यापेक्षा भिंतीवरचा किंवा उभा पंखा बरा. स्लॅबमध्ये हूक पक्का आहे का, तुळईला बोल्ट आरपार आहे का, नट-बोल्टची पिन जागेवर आहे का, हे दर उन्हाळ्याआधी मेन स्विच बंद करून वायरमनकडून पाहून घ्यावे. पंखा हलू लागला, आवाज करू लागला, की ‘चालतंय’ म्हणून सोडून देऊ नका.

आता खर्चाचा हिशेब. जुन्या पद्धतीच्या पंख्याला साधारण ७५ वॅट वीज लागते. अलीकडे बीएलडीसी नावाच्या मोटरचे पंखे आले आहेत. त्यांत कायमचे चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि तेवढ्याच वाऱ्याला त्यांना सुमारे ३० वॅट पुरतात. म्हणजे ४५ वॅटची बचत. पंखा रोज १२ तास चालला, तर दिवसाला अर्ध्या युनिटाहून थोडे जास्त, आणि वर्षातले २५० दिवस धरले तर १३५ युनिट वाचतात. हिशेबापुरता युनिटचा दर ८ रुपये धरला, तर वर्षाला १०८० रुपये झाले. आपला खरा दर बिलावर पाहा. दुकानदार दोन पंख्यांच्या किमतीत जो फरक सांगेल, त्याला आपल्या वार्षिक बचतीने भागा. किती वर्षांत पैसे सुटतात ते कळेल. हे गणित सातवीच्या मुलाला घालावे. पुस्तकातल्या हौदापेक्षा ते त्याला अधिक गोडीचे वाटेल.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकित पट्टी सक्तीची झाली आहे. पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा देतो, त्याला वॅटने भागायचे. २१० घनमीटर हवा ७५ वॅटमध्ये मिळाली तर उत्तर २.८, तीच ३० वॅटमध्ये मिळाली तर ७. आकडा मोठा, तितके तारे जास्त. मात्र नुसते तारे मोजू नका, हवेचा आकडाही वाचा. कमी वारा देऊन वीज वाचवणारा पंखा आपल्या काय कामाचा?

खेड्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. वीज गेली की इन्व्हर्टरवर ३० वॅटचा पंखा दुप्पट वेळ चालतो, आणि दाब कमी झाला तरी तो सहसा मंदावत नाही. ही त्याची जमेची बाजू. पण त्याचे सर्किट बिघडले तर गावचा वायरमन दुरुस्त करीलच असे नाही. म्हणून हमी किती वर्षांची आणि दुरुस्ती तालुक्याला होते का, हे विचारूनच पैसे द्या. जुना पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही, तर बहुधा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. थोडक्या पैशांत काम होते. पाहुण्यांच्या खोलीत वर्षातून आठ दिवस चालणारा पंखा बदलण्याची घाई कशाला?

आता तो प्रश्न : पंखा कुणासाठी? आपल्याकडे पहिला पंखा लागतो बैठकीत, कारण तिथे चार माणसे येतात. दुसरा झोपायच्या खोलीत. आणि जिथे घरातली बाई चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभी राहून दोन वेळा घामाने निथळते, तिथे बहुतेक घरांत पंखाच नसतो. ज्योत विझेल, ही सबब खरी आहे; पण तिच्यावर उपाय आहे. भिंतीत उंचावर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा, आणि एक लहान पंखा ज्योतीवर वारा येणार नाही अशा बेताने बाजूला लावावा. पंखा माणसाला गार करतो हे एकदा पटले, की तो सर्वांत जास्त घाम गाळणाऱ्या माणसाजवळ हवा, हे वेगळे सांगायला नको. या उन्हाळ्यात दुकानाची पायरी चढण्याआधी एकदा आपल्या स्वयंपाकघरात भर दुपारी अर्धा तास उभे राहून पाहा, आणि मग कोणता पंखा घ्यायचा ते ठरवा.